पत्ता शोधायला लागणारा वेळ

“पोस्टमन, तुमचं पत्र वाचलं आम्ही. आता बसा.”

साहेब असं म्हणाले आणि मीटिंगमधले चौदाच्या चौदा जण हसले. मीही हसले. विनोद काही फार बरा नव्हता, पण साहेबांचा होता.

पोस्टमन बसले नाहीत. हातात अकरा पानांचा अहवाल धरून ते भिंतीवरच्या पडद्याशेजारी उभेच राहिले. पडद्यावर डॉक्टरचा रंगीत आलेख होता, आणि त्याचा हिरवा उजेड पोस्टमनच्या अर्ध्या तोंडावर पडला होता.

“सातव्या पानावर आकडा आहे,” ते म्हणाले. “सतरा टक्के. वही अर्धी केली तर चिप सतरा टक्क्यांनी हळू पडेल.”

“नेहमीच?” साहेबांनी विचारलं.

“कुठल्या परिस्थितीत विचारताय?”

पुन्हा हशा पिकला. कुठल्याही प्रश्नाला आधी ‘कुठल्या परिस्थितीत’ म्हणायची त्यांची सवय सगळ्या ऑफिसला पाठ होती. कॅन्टीनमध्ये कोणी चहा घेणार का विचारलं की पोरंसोरं एकमेकांना तेच उत्तर द्यायची.

हे पोस्टमन टपाल खात्यातले नव्हते. आमची कंपनी संगणकाचे प्रोसेसर आखते. आखलेली चिप कारखान्यात पाठवली की परत यायला वर्षभर लागतं आणि नंतर तिच्यात खाडाखोड करता येत नाही. म्हणून ती बनवायच्या आधी आम्ही एक प्रोग्रॅम लिहितो, सिम्युलेटर. तो न जन्मलेल्या चिपचं सोंग घेतो. कुठलं काम करायला तिला घड्याळाचे किती ठोके लागतील, हे एकेक ठोका मोजून सांगतो. त्या सिम्युलेटरमधला पत्ते बदलायचा भाग या माणसाने लिहिला होता आणि बावीस वर्षं तोच सांभाळला होता. पत्त्यांचं काम करणारा म्हणून पोस्टमन. नाव कोणी ठेवलं कोण जाणे. पाठीमागे सगळे त्यांना अरेतुरे करत, मीही करत असे. इथे ‘ते’ म्हणते आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, त्याचं कौतुक नको.

पत्ते बदलायचे म्हणजे काय, ते त्यांनीच मला माझ्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. संगणकात चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की सगळी मेमरी आपल्या एकट्याच्या बापाची. तो मागतो ते पत्ते खोटे असतात. खऱ्या मेमरीत वस्तू भलतीकडेच ठेवलेली असते. मग खोट्या पत्त्यावरून खरा पत्ता काढावा लागतो. त्यासाठी तक्ते असतात. पहिल्या तक्त्यात दुसऱ्याचा ठिकाणा, दुसऱ्यात तिसऱ्याचा, तिसऱ्यात चौथ्याचा, आणि चौथ्यात खरा पत्ता. गंमत अशी की हे तक्तेही मेमरीतच असतात. म्हणजे एक वस्तू आणायला आधी चार हेलपाटे. ते वाचावेत म्हणून प्रोसेसर नुकतेच सापडलेले पत्ते एका छोट्या वहीत टिपून ठेवतो. तिचं नाव टीएलबी, पण पोस्टमन वहीच म्हणत. पत्ता वहीत असला तर काम चुटकीसरशी होतं. नसला तर चाला.

“आणि सिम्युलेटरला काय करायचंय?” मी तेव्हा विचारलं होतं. “पत्ता बरोबर निघाला की झालं ना?”

“पत्ता बरोबर निघतोच हो. तो कोणीही काढेल,” ते म्हणाले. “शोधायला किती वेळ लागला ते बरोबर निघायला हवं.”

एवढंच त्यांचं आयुष्य होतं. सर्व्हर ठेवलेल्या खोलीच्या दाराशी त्यांचं टेबल, जिथे पंख्यांच्या घरघरीमुळे दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. साडेबाराला ते तिथेच डबा खात. पदवी नव्हती, डिप्लोमा होता, आणि आमच्याकडे डिप्लोमावाल्याला लिफ्टमध्येही लोक थोडं वरून पाहत.

मी चाचणी विभागात. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं, हा माझा धंदा. एकदा त्यांनी दीड महिना घालवून एक चूक काढली. मेमरीचं एखादं पान, म्हणजे तिचा ठरावीक मापाचा तुकडा, काढून घेतल्यावर वहीतली त्याची जुनी नोंद पुसायला हवी, ती आमचा सिम्युलेटर एक ठोका उशिरा पुसत होता. एक ठोका! दिवसभराच्या मोजणीत त्याने शेकड्याला हजाराव्या भागाइतकाही फरक पडत नव्हता.

“कोणाला कळणार होतं?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सांडलेलं पाणी का पुसता असं मी विचारलं होतं. “चूक होती ना,” ते म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

अशा माणसाची आमच्या ऑफिसात काय किंमत असणार ते सांगायला नको. साहेबांना प्रोसेसरमधलं इतकंच कळायचं की तो गरम होतो. बाकी त्यांचं सगळं कसब पडद्यावरच्या आलेखांवर होतं. आलेख वर गेला की ते मान हलवत, खाली गेला की भुवया उंचावत, आणि या दोन हालचालींवर त्यांनी अठरा वर्षं काढली होती.

त्या वर्षी आमच्याकडे डॉक्टर आला. हाही औषधं देणारा डॉक्टर नव्हे. एकच निष्कर्ष सात वेगवेगळ्या मथळ्यांखाली छापून कुठल्याशा विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला. वय बत्तीस, दाढी कोरलेली. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘अर्थातच’ने. त्याने आल्या आल्या जाहीर केलं की आमचा सिम्युलेटर म्हणजे बैलगाडी आहे. एका चाचणीला नऊ दिवस घेतो. ते खरंच होतं. नऊ दिवस लागत, कारण पोस्टमनचा भाग प्रत्येक हेलपाटा खरोखरच घालायचा. तक्त्याचा तुकडा जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, आहे की लांब मेमरीत, तो आणताना दुसऱ्या कोणाची जागा गेली का, वाटेत कोण अडलं, सगळं मोजायचा.

डॉक्टरने तीन आठवड्यांत ‘वेगवान पद्धत’ काढली. वहीत पत्ता नसेल तर सरसकट तीस ठोके धरायचे आणि पुढे जायचं. ऑपरेटिंग सिस्टिमही काढून टाकली. तिच्या जागी पत्ते वाटायला त्याची चार ओळींची सोय होती, ती पानं ओळीने एकामागून एक देत सुटायची, नव्या कॉलनीतल्या घरांसारखी. नऊ दिवसांची चाचणी दोन तासांत होऊ लागली. साहेबांनी डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली ती मी पाहिली आहे. थापेचा आवाजही ऐकला आहे.

मग नव्या चिपचा प्रश्न आला. वही अर्धी केली तर चिपवर बरीच जागा मोकळी होत होती आणि त्या जागेत साहेबांना दुसरं काहीतरी झगमगीत बसवायचं होतं. डॉक्टरच्या पद्धतीने उत्तर आलं: वही अर्धी केली तरी नुकसान फक्त दीड टक्का. सगळे खूश.

पोस्टमननी जुन्या पद्धतीने चाचणी लावली. नऊ दिवस थांबले. उत्तर आलं सतरा टक्के. त्यांनी स्वतःचीच चूक शोधायला पुन्हा नऊ दिवस घेतले. पुन्हा सतरा. तेव्हा त्यांनी ती अकरा पानं लिहिली आणि मला आणून दिली.

“तपासाल का?” ते म्हणाले. “माझा माझ्यावर भरवसा आहे, पण तो पुरावा होत नाही.”

मी तीन चाचण्या निवडल्या, छोट्या केल्या आणि माझ्या पद्धतीने सर्व्हरवर लावल्या. चार दिवस चालल्या. मीटिंगच्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तेव्हा तिन्ही संपल्या होत्या. सोळा पूर्णांक आठ, सतरा पूर्णांक एक, सतरा. मी आकडे पाहिले, पडद्यावरची खिडकी बंद केली आणि मीटिंगला गेले.

तर पोस्टमन पडद्याशेजारी उभे होते.

“एका मशीनच्या पोटात दुसरी मशीन चालवतात ना,” ते सांगत होते, “आपली सगळी मोठी गिऱ्हाइकं तसंच वापरतात. तिथे आतल्या मशीनचे चारही तक्ते खोट्या पत्त्यांवर असतात. त्यातला एकेक वाचायला बाहेरचे चार हेलपाटे. शेवटी चोवीस होतात. त्याला सरसकट तीस ठोके कसे पुरतील? एकेक हेलपाटाच लांब मेमरीत गेला तर दोनदोनशे ठोके खातो. आणि पानं खऱ्या मेमरीत ओळीने नसतात. विखुरलेली असतात. त्यामुळे...”

“अर्थातच, हे सगळं सैद्धांतिक आहे,” डॉक्टर खुर्चीत मागे रेलून म्हणाला. “इतकं बारीक बघायचं तर चिपच बनवून बघू की!”

पुन्हा हशा. मला तो हशा अजून ऐकू येतो आणि त्यात माझा आवाज वेगळा ओळखता येतो.

“हे कोणी तपासलंय?” साहेबांनी विचारलं आणि माझ्याकडे वळले. “मॅडम, चाचणी विभागाचं काय म्हणणं?”

सांगायचं एवढंच होतं: तपासलंय, बरोबर आहे. तीन शब्द. पण आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होती, साहेबांच्या टेबलावर दोन नावांचा कागद होता आणि त्यातलं एक माझं होतं. पोस्टमन माझ्याकडे बघत होते. अगदी निवांत बघत होते, काही मागत असल्यासारखे नाही.

“तपासणी चालू आहे,” मी म्हणाले. “अजून ठाम काही सांगता येणार नाही.”

“ऐकलंत?” साहेब म्हणाले. “बसा आता.”

तेव्हा ते बसले. अकरा पानं त्यांनी टेबलावर उलटी ठेवली आणि उरलेली मीटिंगभर पडद्याकडे पाहत राहिले. डॉक्टरचा दीड टक्का मंजूर झाला. दीड महिन्याने मी चाचणी विभागाची प्रमुख झाले. माझ्या दारावर पाटी लागली. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पोस्टमन आपल्या टेबलावरून उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “अभिनंदन हं.” मला वाटलं, बावळट आहे बिचारा. असं वाटल्यामुळे मला त्या दिवशी जेवण गेलं.

चौदा महिन्यांनी चिप आली. पहिला आठवडा साहेबांनी पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना फोन केले. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकांनी मशीनच्या पोटात मशीन चालवून पाहिली. सोळा टक्क्यांनी हळू.

मला वाटलं होतं, आता तरी त्यांना बोलावतील, ती अकरा पानं काढतील. बोलावलं खरं. मी तिथे होते. साहेब त्यांना म्हणाले, “पण पोस्टमन, चुकलातच ना तुम्हीही? सतरा म्हणाला होतात. आलं सोळा!”

हे ते गमतीने बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की हा मुद्दा बिनतोड आहे. डॉक्टर शेजारी मान हलवत होता.

वरून विचारणा आली तेव्हा साहेबांनी चौकशी समिती नेमली. समिती म्हणजे साहेब, डॉक्टर आणि मी. अहवाल डॉक्टरने लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ‘पत्ता-रूपांतर विभागाने या धोक्याची पुरेशी स्पष्ट आणि वेळेवर कल्पना दिली नाही, तसेच त्यांचा भाग वापरण्यास अतिशय संथ असल्याने योग्य निर्णयास बाधा आली.’ विभाग! सर्व्हरखोलीच्या दारातलं एक टेबल आणि एक खुर्ची. मी ते वाक्य वाचलं, आणि म्हणाले, “भाषा जरा सौम्य करता येईल का?” बघा माझं शौर्य. डॉक्टरने ‘अतिशय’ हा शब्द काढला.

अहवालावर विभागप्रमुख म्हणून पोस्टमनची सही हवी होती. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि खिशातून पेन्सिल काढून वाचू लागले. वीस मिनिटं वाचत होते. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पोस्टमननी पाचव्या पानावर काहीतरी खुणा केल्या, कागद नीट लावले आणि टेबलावर सरकवले.

“इथे वीस लिहिलंय,” ते म्हणाले. “चोवीस पाहिजे. आतल्या चार तक्त्यांचे पाच पाच, असे वीस बरोबर आहेत. पण शेवटी जो पत्ता हाती येतो तोही खोटाच असतो. तो बदलायचे चार राहिले.”

डॉक्टरचा चेहरा पडला. पत्ते बदलण्याच्या चुकीवरच्या अहवालात पत्ते बदलण्याचीच चूक, आणि तीही पदवीधराची. मला हसू आलं आणि ते मी गिळलं. गिळायची सवय झाली होती.

“ते करू दुरुस्त,” साहेब म्हणाले. “सही?”

“सही नाही करणार.”

“म्हणजे? अहो, ही निव्वळ औपचारिकता आहे. कोणी तुमच्यावर कारवाई करतंय का? तेवीस वर्षं झाली तुम्हाला, आम्ही काय तुम्हाला ओळखत नाही?”

“चूक माझी असती तर केली असती,” पोस्टमन उठत म्हणाले. “पूर्वी केलीय मी. जुन्या चिपच्या वेळी दोनदा. तिथल्या फायलीत सापडतील. ही माझी नाहीये.”

“मग कोणाची आहे?” साहेबांचा आवाज चढला. “सांगा ना! नाव घ्या!”

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. “नाव घ्यायला तुम्ही समिती नेमलीय की,” ते म्हणाले. पेन्सिल खिशात ठेवली आणि गेले.

त्यांच्या सहीवाचून अहवाल वर गेला. वरच्यांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही. साहेबांना दुसऱ्या शाखेवर बढती मिळाली. डॉक्टरने पुढच्या वर्षी एका मोठ्या परिषदेत तासभर भाषण केलं. विषय होता, पत्ते शोधायचा वेळ सिम्युलेटरमध्ये बारकाईने का मोजावा. त्यातला सगळ्यात मोठा आलेख पोस्टमनच्या सातव्या पानावरचा होता. रंग तेवढे बदलले होते. भाषणाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

पोस्टमनना कंपनीने मुदतीआधी निवृत्त व्हायचा पर्याय दिला, म्हणजे दुसरा पर्याय ठेवला नाही. निरोपाला दुपारी चार वाजता दहाएक माणसं जमली. साहेब अजून बदलीवर जायचे होते, तेच बोलायला उभे राहिले. “आज आपण निरोप देतोय आपले... आपले...” म्हणाले आणि थांबले. नाव आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चटकन सांगितलं नाही. आयुष्यातला माझा एकमेव सूड तो, आणि तो घेतला कोणावर, तर शेवटी त्या बिचाऱ्या निवृत्त होणाऱ्यावरच. कारण साहेब ओशाळले नाहीत. “आपले लाडके पोस्टमन!” म्हणून त्यांनी टाळ्या मिळवल्या. पोस्टमननी गुच्छ घेतला, आभार मानले आणि सव्वाचारला पुन्हा जाऊन टेबलाशी बसले. सहा वाजेपर्यंत काम केलं. सुटायची वेळ सहाची होती.

ते गेल्यावर सात महिन्यांनी आमचा सिम्युलेटर अडला. नवीन चिपमध्ये तक्त्यांची पायरी चारावरून पाचावर जात होती. डॉक्टरची वेगवान पद्धत आता कोणी मनावर घेत नव्हतं, पोस्टमनचा जुना भाग पुन्हा आणला होता, आणि त्यात डॉक्टरनेच ‘साफसफाई’ केली होती. चाचणी सुरू व्हायची, चाळीस मिनिटं चालायची आणि गप्प. बंद पडायची नाही, पुढेही जायची नाही. ठोके मोजले जायचे, काम काही व्हायचं नाही. सहा जण पाच आठवडे डोकं धरून बसले. नव्या साहेबांनी विचारलं, “हे मुळात लिहिलं कोणी?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ऑफिसातली सगळ्यात जुनी मीच होते.

फोनवर विचारता आलं असतं. मी गेले.

दुसऱ्या मजल्यावर घर होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. त्या पडदे शिवून द्यायच्या, दवाखान्यांचे, शाळांचे, हॉटेलांचे. पुढची खोली कापडाच्या ठाणांनी भरली होती. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या.

“ऑफिसातून? आता काय राहिलं तिथे आमचं?”

“एक अडचण होती. त्यांना विचारायचं होतं.”

“अडचण आली की माणूस आठवतो होय? बरंय.” त्या आत वळून म्हणाल्या, “अहो, तुमच्या ऑफिसातून बाई आल्यात. कसलीशी अडचण घेऊन आल्यात, गुच्छ नाही आणलेला.”

पोस्टमन बाहेर आले. थोडे वाळले होते. हातात खडू होता, कापडावर खुणा करायचा. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी बॅगेतून कागद काढायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं.

“चालते चालते आणि थिजते, असं ना? किती वेळाने?”

“चाळीस मिनिटं.”

“कॅशकडे जी रांग लागते, त्यात मी एक जागा कायम रिकामी ठेवली होती. ती कोणीतरी भरून टाकली असेल.”

प्रोग्रॅममधली जागा राखणारी ती ओळ मला माहीत होती. डॉक्टरने तिच्यावर शेरा मारला होता, ‘विनाकारण वाया गेलेली जागा’, आणि काढून टाकली होती. मी तो बदल तपासून मंजूर केला होता.

“असं बघा,” त्यांनी एका कापलेल्या चिंधीवर खडूने चौकोन काढले. “रांगेतले सगळे पत्त्यासाठी खोळंबलेत. पत्ता शोधणाऱ्याला तक्ता वाचायचाय, म्हणजे त्यालाही त्याच रांगेतून जायचंय. रांग भरलेली. किल्ली ज्याच्याकडे तोच बाहेर उभा. मग कोण हलणार? म्हणून एक जागा त्याच्यासाठी राखायची. बाकीच्यांनी कितीही गर्दी केली तरी ती द्यायची नाही. पाच पायऱ्या केल्यात ना तुम्ही आता? तरी एकच पुरेल.”

सहा माणसांचे पाच आठवडे आणि त्यांची तीन मिनिटं. चिंधी त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. मी ती घेऊन बसून राहिले. उठायला हवं होतं. मी ज्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि ज्यासाठी खरं तर आले होते ते अजून राहिलं होतं.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” मी शेवटी म्हणाले. “त्या मीटिंगच्या दिवशी... मी तपासलं होतं सगळं. तुमचे आकडे बरोबर आले होते.”

“हो,” ते म्हणाले. “तीन चाचण्या. आठ चाळीसला संपल्या.”

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“सर्व्हरवर यादी दिसते ना, कोणाचं काय चालू आहे, कधी संपलं,” ते साधेपणाने म्हणाले. “माझं टेबल तिथेच तर होतं. तुम्ही साडेनऊला उघडून बघितलंत. मीटिंग दहाला होती.”

“मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर सांगायचं होतं! यांनी तपासलंय, यादीत आहे म्हणून सांगायचं!”

ते जरा विचारात पडले. राग नव्हता. एखादं जुनं गणित कुठे सोडलं होतं ते आठवावं तसा चेहरा.

“तुम्ही सांगाल असं वाटलं,” ते म्हणाले.

शिवणयंत्राशेजारी त्यांची बायको इतका वेळ पाठ करून काही उसवत होती. तिने कात्री टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

“अहो, धरताय का? उद्या सकाळी न्यायला येणार आहेत.”

“आलो आलो.”

त्यांनी ठाणाचं एक टोक उचललं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बायकोने दुसरं टोक दाराजवळच्या टेबलावर वजन ठेवून दाबलं. दवाखान्याचं निळं कापड, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीइतक्या उंचीवर ताणलेलं. “थोडं वर,” त्या म्हणाल्या. त्यांनी वर केलं. “हां, आता हलू नका.” ते हलले नाहीत. कात्री कापडातून सरसर पुढे जाऊ लागली.

मी उठले. “येते,” म्हणाले. दोघांचंही लक्ष त्या सरळ रेषेवर होतं. कापड माझ्या आणि दाराच्या मध्ये होतं, आणि ते खाली करा असं म्हणायचा मला धीर झाला नाही. बॅग पोटाशी धरली, वाकले, आणि त्याच्याखालून बाहेर पडले.